नवी करू नका हो

सकाळी एका मित्राने व्हिडिओ पाठवला, "बघ काय काम केलंय!" म्हणून. वय नव्वदीच्या घरातलं, अशी एक जुनी गाडी. मूळ रंग, मूळ लेदर, मूळ काचा. दोन मिनिटांत ग्राइंडर लावून रंग खरवडला, सीटा उपटून फेकल्या, लाकडी डॅशबोर्डवर चकाकतं पॉलिश थापलं. शेवटी झगझगीत लाल गाडी, आणि खाली बदाम आणि टाळ्यांचा पाऊस. माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही.

अरे, त्या गाडीला झालं काय होतं? व्हिडिओच्या सुरुवातीला ती स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनावर आत आलेली दिसते!

आमच्या थोरल्या काकांकडे १९३६ची मॉरिस एट होती. त्यांच्याआधी तिचे दोन मालक होऊन गेलेले. ड्रायव्हरच्या दारावर, काच खाली केली की कोपर टेकतं तिथे, काळा रंग झिजून खालचा प्रायमरचा थर दिसायचा आणि अगदी मधोमध उघडा पत्रा, गुळगुळीत. गंमत म्हणजे काकांचं कोपर तिथे बसायचंच नाही, चार बोटं पुढे पडायचं. ती झीज त्यांची नव्हतीच. त्यांच्याआधी कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे हात टेकून ती गाडी चालवली होती. आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही. ऑइल कधी बदललं, ग्रीस कधी मारलं, तेव्हा किती मैल झाले होते. तीन हस्ताक्षरं: आधी तिरकं शाईचं, मग पेन्सिलीचं, शेवटी काकांचं बॉलपेन.

काका गेल्यावर चुलतभावाने गाडी "नवी करायला" दिली. परत आली तेव्हा दार आरशासारखं. वही सीटमधल्या घोड्याच्या केसांबरोबर कचऱ्यात गेली होती. विचारलं तर गॅरेजवाला म्हणाला, "कागदाचं काय घेऊन बसलात, गाडी बघा ना."

गाडीच बघत होतो मी! म्हणून तर वही मागत होतो.

जुन्या गाडीची किंमत कशात असते हे एका खटल्यात कोर्टाला ठरवावं लागलं होतं. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली गाडी. पुढे तिचे इतके भाग बदलले गेले की ही तीच गाडी का, यावर १९९० साली लंडनच्या कोर्टात भांडण गेलं. मूळचं फार काही उरलेलं नव्हतं, तरी कोर्टाने तीच गाडी धरली, कारण तिचा इतिहास सलग होता, कुठे तुटलेला नव्हता. लोखंड बदललं तरी गाडीची ओळख टिकली ती त्या साखळीवर. आणि आपण ती साखळी कचऱ्यात टाकतो, वर पैसे मोजून.

२०२४ला अमेरिकेत पेबल बीचला भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला तो १९३४च्या बुगाटी टाइप ५९ला. रिस्टोर, म्हणजे अशी नवी, न केलेल्या गाडीला तिथे हा मान पहिल्यांदाच. आधी कारखान्याची रेसिंग कार, मग बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याची. अंगावरचा जुना, थकलेला काळा रंग तसाच. तो घासून काढला असता तर राजाची म्हणून दाखवायला काय राहिलं असतं? एक कागद.

आणि ही चमक तरी खरी आहे का? १९२०च्या दशकात गाड्यांवर नायट्रोसेल्युलोज लॅकर हा झटपट वाळणारा रंग येऊ लागला. त्याआधी ब्रशने वार्निशचे थर चढवायचे आणि ते वाळायला आठवडे लागायचे. आजच्या टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाचा काचेसारखा थर त्या काळी कुठल्याच कारखान्यातून बाहेर पडलेला नाही. म्हणजे तुम्ही गाडी 'मूळ रूपात' आणतच नाही आहात. कधीच नव्हती अशी एक गाडी बनवताय.

हो, ब्रेक, टायर, कापडी वेष्टनाची चुरा झालेली वायरिंग बदलायलाच हवी, जिवाशी खेळ नको. आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, गंजून गळून पडली असेल तर रिस्टोरेशनला पर्याय नाही, तेही मान्य. पण फिकट रंग म्हणजे गंज नव्हे. सुरकुतलेलं लेदर म्हणजे अपघात नव्हे. आजीच्या पत्राचं अक्षर वाकडं म्हणून आपण ते टाइप करून मूळ पत्र फाडतो का?

चुलतभावावर माझा राग नाही, खरंच नाही. वडिलांची गाडी पुन्हा झळाळताना बघायची होती त्याला. ती परत आली तेव्हा रडला तो. त्याच्यासमोर वहीचं नाव मी अजून काढत नाही. पण ज्यांचा हा धंदा आहे त्यांना हे कळायला नको? जगभरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांची शिखर संस्था 'फिवा' हिने २०१२मध्ये ट्युरिन सनद मंजूर केली. त्यात साफ म्हटलंय की आधी जतन, केलेल्या प्रत्येक कामाची नोंद, नव्या भागावर खूण. इतकं साधं आहे ते.

तेव्हा ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी एवढं तरी करा. चासी नंबर, इंजिन नंबर, बॉडीवरची पाटी, झिजलेले पेडल, दाराच्या कडा, सगळ्याचे जवळून फोटो काढा. जुनी बिलं, विम्याचे कागद, आधीच्या मालकांच्या घरातले फोटो मागून आणा. त्यांची मुलं बहुतेक आनंदाने देतात. गॅरेजला देताना लेखी घ्या की काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चिंधी खोक्यात घालून परत मिळेल, आणि विचारल्याशिवाय रंगाला हात लागणार नाही. तो नाही म्हणाला तर तिथल्या तिथे गाडी वळवा आणि घरी घेऊन या.