चोरीचा ऐवज आणि पिशाच्चं, जुनीच भानगड

लेख भारी झालाय भावा, पण एक दुरुस्ती. चोरलेल्या पवित्र वस्तूमागं रक्तपिपासू पिशाच्चं लागतात ही कल्पना 'एकदम नवीन' असं तुम्ही लिहिलंय. नाही हो! मार्व्हल कॉमिक्सच्या डॉक्टर स्ट्रेंज ह्या जादूगार हिरोच्या 1983 च्या अंकांत ड्रॅक्युला 'डार्कहोल्ड' ह्या जादूच्या ग्रंथाच्या मागं असाच पडलेला. कारण त्यातल्या एका मंत्रानं जगातली सगळी पिशाच्चं संपतात. म्हणजे ऐवज हाताला लागला नाही तर आपलाच कारभार आटोपला. पाठलागाला खरी धार येते ती ह्यामुळं. तुम्ही लेखात सांगितलेल्या गोष्टीत ती चोरलेली पवित्र पेटी मिळाली नाही तर पिशाच्चांचं बिघडतं काय, ते शेवटपर्यंत कळत नाही.

डॉक्टर स्ट्रेंजच्या त्या अंकांतला एक मला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत रद्दीच्या दुकानात मिळालेला. कव्हर गायब, मधल्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग, नेमका ड्रॅक्युलाच्या तोंडावर. अजून जपून ठेवलाय.

आणि अमेरिकन कॉमिक्समध्ये पिशाच्चं 'कायमच होती' असं तुम्ही म्हणताय, तेही बरोबर नाही. 1954 च्या कॉमिक्स कोडनं, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेल्या नियमांनी, त्यांच्यावर बंदी घातलेली, ती 1971 साली सैल झाली. लगेच त्याच वर्षी मॉर्बियस हा रक्तपिपासू आला, 1973 ला पिशाच्चांचा शिकारी ब्लेड.

बाकी आपल्याकडं उलटंच. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांत फँटम ह्या बुरखाधारी हिरोचं नावच वेताळ! आमची आज्जी नाव ऐकूनच पुस्तक देवघरापासून लांब ठेवायला लावायची.

पुढचा भाग कधी टाकताय?