लॉक-इन फक्त भाडेकरूलाच का?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, 'नोकरी गेली हा भाडेकरूचा प्रश्न. सही केलीय ना, मग पैसे भरायचे.' खाली पटापट अंगठे उमटले. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा मुदतीआधी घर सोडतोय, त्यावरून विषय निघाला होता. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

माझ्या धाकट्या भावाचं सांगते. वाकडला वन बीएचके, भाडं २२ हजार, डिपॉझिट ६६ हजार, ब्रोकरला एक भाडं वेगळं. एजंट घरी येऊन करारासाठी अंगठे घेऊन गेला. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, त्यात सहा महिने लॉक-इन, म्हणजे त्याआधी घर सोडलं तर उरलेल्या महिन्यांचंही भाडं भरायचं. चौथ्या महिन्यात हिंजवडीतल्या कंपनीने त्याची अख्खी टीम घरी पाठवली. त्याने लगेच मालकांना फोन करून खरं ते सांगितलं, त्या महिन्याचं भाडं भरलं, घर धुऊन-पुसून किल्ली हातात दिली. मालकांनी लॉक-इनच्या उरलेल्या दोन महिन्यांचे ४४ हजार कापले आणि पेंटिंगचे २२. झालं, डिपॉझिट संपलं. चार महिन्यांत भिंतींना असं काय होतं हो?

आणि दहा दिवसांत तिथे दुसरं कुटुंब राहायला आलं. २४ हजारांवर! घर रिकामं राहणार म्हणून भावाचे पैसे कापले, आणि घर रिकामं राहिलंच नाही.

ओळखीच्या वकील ताईंना विचारलं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मुदत संपूनही लायसन्सवर राहणारा हलला नाही तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते, कलम २४. पण परिस्थितीमुळे आधी निघावं लागलं तर? त्यावर हा कायदा गप्प, करारात असेल ते. आधार आहे तो १८७२ च्या करार कायद्याचा. कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल रक्कम आधीच लिहून ठेवली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. दहा दिवसांत घर पुन्हा लागलं असताना दोन महिने वाजवी कसे? पण नोकरी शोधणारा माणूस ६६ हजारांसाठी शिवाजीनगर कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार का? नाही झिजवणार. हे मालकांना पक्कं माहीत असतं, म्हणून तर ते बिनधास्त कापतात.

त्याच करारात मालकाला मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर घर रिकामं करून घ्यायची मुभा होती. लॉक-इनमध्येसुद्धा! ब्रोकरने तर 'हे स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळे असंच करतात' म्हणून पान उलटलं होतं.

मान्य, मालकालाही घराचा हप्ता असतो, कुणा निवृत्त माणसाचा औषधपाण्याचा खर्च भाड्यावरच चालतो. मग एक महिन्याचं भाडं घ्या, नवा भाडेकरू येईपर्यंतच्या दिवसांचे घ्या. भावाने ते निमूट दिले असते.

सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू? आईला त्याने डिपॉझिट परत मिळाल्याचं सांगितलंय. तिला उगाच घोर नको म्हणून. सध्या तो आणि त्याची बायको आमच्याकडे कोथरूडला राहताहेत, आणि घरात काही आणायचं म्हटलं की तो आधी पाकीट काढतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत, मला माहीत आहे. पुढच्या रिन्यूअलला एक ओळ घाला: नोकरी गेली किंवा घरात मोठं आजारपण आलं तर लॉक-इनमध्येही एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल, आणि घर ज्या दिवशी पुन्हा भाड्याने जाईल त्या दिवसापासून पुढचे पैसे कापले जाणार नाहीत. भाड्याने राहणाऱ्यांनी ही ओळ मागून घ्या, एजंट अंगठे घ्यायला येण्याआधी. मसुदा वकील ताईंनी मराठीत करून दिलाय, हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाला मी तो देऊन आलेय.