माडबनच्या माणसाला अडाणी म्हणण्याआधी

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा जैतापूर निघालं, म्हणजे तिथला अणुऊर्जा प्रकल्प आणि त्याला गावकऱ्यांनी केलेला विरोध. "कोकणी माणसाला विकासच नको. मग वीज तरी कशाला वापरता?" हे लिहिणारे गृहस्थ वर्षातून दोनदा, गणपतीला आणि आंब्याला, गावी जातात. तिथे उत्तर दिलं तर ग्रुप फुटेल, म्हणून इथे लिहितोय.

आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. माझे काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्याकडे एक निळी फाइल आहे. पर्यावरण अहवालाची झेरॉक्स, माहिती अधिकाराचे अर्ज, पोचपावत्या, आणि समासात लाल पेनाने काढलेले प्रश्न, मुलांचे पेपर तपासावेत तसे. आंदोलन म्हटलं की लोकांना मोर्चा आणि घोषणा दिसतात. काकांचं आंदोलन जास्त करून झेरॉक्सच्या दुकानात आणि तहसील कचेरीतल्या बाकड्यावर झालं.

प्रश्न काय होते ते बघा. जैतापूरजवळच्या माडबन गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. जमीन ९३८ हेक्टर. भट्टीचं डिझाइन फ्रान्सचं, नाव ईपीआर. लोक विचारत होते, ही भट्टी जगात कुठे चालू आहे का? २०१० साली खरं उत्तर होतं, कुठेही नाही. फिनलंडमधलीचं बांधकाम २००५ला सुरू झालं होतं आणि २००९ची मुदत तेव्हाच हुकली होती. ती नियमित वीज द्यायला लागली २०२३ मध्ये. खुद्द फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलची भट्टी २०१२ला व्हायची होती, ग्रीडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्च ३३० कोटी युरोंवरून १३२० कोटींवर. आता सांगा, अडाणी कोण होतं?

तरीही नोव्हेंबर २०१०च्या अखेरीस ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली आणि पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीत असताना करारावर सह्याही झाल्या. पाहुणा यायच्या आत घर झाडून घ्यावं, तशी घाई.

सरकारी भाषेत सडा म्हणजे पडीक. काकांचा यावर ठरलेला टोमणा आहे, "पडीक ना? मग आमची गुरं काय कलेक्टर ऑफिसात चरत होती?" पावसाळ्यात या कातळावर गवत आणि फुलं उगवतात, मातीच्या पट्ट्यांत भात-नाचणी होते, कडेने हापूसच्या बागा. पण सातबाऱ्यावर "पोटखराबा", म्हणजे लागवडीलायक नाही, असं लिहिलं की हे सगळं नाहीसं होतं.

शेजारच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांची तर जमीनच जात नव्हती, त्यामुळे मोबदल्याच्या यादीत ते नव्हतेच. त्यांचं शेत म्हणजे समुद्र. भट्ट्या थंड करून गरम झालेलं पाणी परत तिथेच सोडणार. मासळी लांब गेली तर छोट्या होडीवाल्याने डिझेल किती जाळायचं? तारापूरला अणुवीज केंद्रासाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांची पुनर्वसनाची लढाई किती वर्षं चालली, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक होतं. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला, आणि १८ एप्रिलला नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. विजेच्या बिलाचे टोमणे मारणाऱ्यांना ही तारीख बहुधा माहीतही नसते.

पुढे २०१३ला हेक्टरी साडेबावीस लाखांचा वाढीव दर आला आणि अनेकांनी चेक उचलले. "बघा, विकले गेले!" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जमीन कागदोपत्री आधीच गेलेली, अंगावर केसेस, तारखांना जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. पुढारी तर सत्तेत एक आणि विरोधात दुसरं बोलणारे. त्यात कुणी पैसे घेतले म्हणून त्याचा आधीचा प्रश्न खोटा ठरत नाही.

आणि हो, आंदोलनानेच प्रकल्प अडवला असंही मी म्हणणार नाही. विजेचा दर काय, अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची, यावर दिल्ली आणि फ्रेंच कंपनीचं वर्षानुवर्षं घोडं अडलं. आधी अरेव्हा होती, मग ईडीएफ आली, २०२१ला तिने नवा प्रस्ताव दिला. गंमत अशी की दर आणि जबाबदारी हेच दोन मुद्दे काकांच्या फाइलीत पहिल्यापासून लाल शाईत आहेत. दिल्लीतल्या माणसाने विचारलं की वाटाघाटी, माडबनच्या माणसाने विचारलं की विकासविरोध!

मी अणुऊर्जेचा सरसकट विरोधक नाही. कोळशाचा धूर मलाही नको. पण हा विषय पुन्हा पुढे सरकणार असेल तर २०१०ची जुनी सुनावणी दाखवू नका. नवा अहवाल पूर्ण मराठीत, सुनावणीच्या किमान दोन महिने आधी, प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नाट्याच्या बंदरावर ठेवा. युनिटचा दर आणि भरपाईची हमी त्यात आकड्यात लिहा. काकांनी नवीन लाल पेन आणून ठेवलंय.