टिंब राहिलं

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर "दहा मिनिटांचं काम आहे" म्हणत लॅपटॉप उघडला तिथेच चुकलं. नाशकात सातपूरला आमच्या वर्कशॉपमध्ये क्रेनला लटकवलेला जॉब, म्हणजे कामाचा अवजड नग, हेलकावे खात खात किती वेळात शांत होतो त्याचा ग्राफ साहेबांना सोमवारी हवा होता, आणि ऑक्टेव्ह हे गणिताचं, ग्राफ काढायचं सॉफ्टवेअर फुकट असल्यामुळे कंपनीचं त्यावर फार प्रेम. गणित सोपं, एक एक्स्पोनेन्शियल हेलकावा कमी करत नेणारा, एक साइन हेलकावा देणारा, दोघांचा गुणाकार. मधे स्टार टाकला, एंटर मारला.

लाल अक्षरात उत्तर, नॉनकन्फॉर्मंट आर्ग्युमेंट्स, म्हणजे मापं जुळत नाहीत, पहिला १ बाय १०१ (एक रो, १०१ कॉलम), दुसरा १ बाय १०१. अहो मग जुळतंय की! दोघांचं माप सेम टू सेम तरी लग्न मोडलं. मग आठवलं, मॅट्रिक्सच्या गुणाकारात पहिल्याचे कॉलम आणि दुसऱ्याच्या रो सारख्या लागतात, इथे १०१ समोर १. थोडक्यात सगोत्र निघाले.

मी हुशार. पहिल्याला अ‍ॅपॉस्ट्रॉफी लावून उभा केला, १०१ बाय १ गुणिले १ बाय १०१. एरर गेली! आणि स्क्रीनवर केरसुणी उगवली. खरंच केरसुणी, डावीकडे फिस्कारलेली, उजवीकडे मुठीत धरल्यासारखी, १०१ काड्या, सात रंगांत. मी "प्लॉट बिघडला" असं ओरडलो तर आतून बायको, "कुठला, पाथर्डी फाट्याचा?"

शेवटी लेकीला उठवलं, ती सेकंड इयरला आहे. तिने डोळे चोळत एकदा बघितलं. "अरे बाबा, स्टारच्या आधी डॉट दे ना, आणि ती अ‍ॅपॉस्ट्रॉफी काढ." डॉट स्टार म्हणजे पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा, पंगतीत वाढल्यासारखा गुणाकार. एका टिंबासाठी दीड तास! चौथीत 'मुलांना'वरचं टिंब राहिलं म्हणून बाईंनी पाव मार्क कापला होता, तेव्हा मी घरी येऊन बाईंना नावं ठेवली होती.

आता सेन्सरची रीडिंग्ज त्याच ग्राफवर टाकायची, तर नवी एरर, व्हेक्टर लेंग्थ्स मस्ट मॅच, म्हणजे दोन्हीकडे आकडे तितकेच हवेत. रीडिंग्ज १००, माझा टाइम १०१. शून्य ते दहा, दर ०.१ ला एक, म्हणजे शंभरच ना? मी बोटांवर मोजायला लागलो. आमचे सासरे निफाडचे, द्राक्षबागवाले, मुक्कामाला आलेले, हॉलमध्ये जागेच होते. ते म्हणाले, "जावईबापू, ओळीत शंभर गाळे पाडायचे तर लोखंडी अँगल एकशेएक लागतात." संपलं. सेन्सर ९.९ लाच थांबला होता, मी दहाचा अँगल उगाच ठोकलेला. तो उपटला.

रात्री एक वाजता वक्र आला हो, हेलकावे घेत घेत निवांत होणारा, गंगापूर धरणाचं पाणी संध्याकाळी शांत होतं ना तसा, आणि त्याच्यावर रीडिंग्जचे ठिपके. डोळ्यात पाणी आलं, झोपेचंही असेल. तसाच फोटो काढून साहेबांना टाकला.

सकाळी मिसळ समोर आली तोवर साहेबांचा मेसेज. "ग्राफ छान. मागे केरसुणी कसली?"

रीडिंग्ज वर चढवायला मी सुरुवातीलाच होल्ड ऑन, म्हणजे जुनं चित्र न पुसता त्यावरच नवं काढ, असं लिहून ठेवलं होतं.