फक्त पेट्रोल टाका आणि पळवा

सेकंडहँड मोटारसायकल घेतल्याबद्दल अभिनंदन. विकणाऱ्याने चावी हातात देताना 'काम काहीच नाही, फक्त पेट्रोल टाका आणि पळवा' असं सांगितलं असेलच. हे वाक्य अक्षरशः पाळा. ज्या माणसाने आपली लाडकी गाडी बाजारभावापेक्षा पाच हजार कमी घेऊन तुम्हाला दिली, तो खोटं कशाला बोलेल?

ज्यांचा व्यवहार अजून व्हायचाय त्यांनी गाडी बघायला दिवेलागणीनंतरच जावं. त्या उजेडात पुढच्या शॉकपच्या चकचकीत पाइपवर ऑइलची ओली कडी दिसत नाही आणि टाकीवरचा नवा रंग जुन्या रंगाहून वेगळा वाटत नाही. तुम्ही पोचाल तेव्हा इंजिन गरम असेल. मालकाने तुमच्यासाठी आधीच किक मारण्याचे कष्ट घेतले, याचं कौतुक करा. 'सकाळी येतो, तोवर सुरू करू नका' असं म्हणून त्याचा अपमान करू नका. थंड गाडी सुरू होताच निळा धूर निघून थोड्या वेळात थांबला तर व्हॉल्व्हची सीलं गेलेली असतात, आणि दर वेळी रेस वाढवताना निळा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे पिस्टन धावतो ती नळी, गेलेला असतो. असल्या गोष्टी कळल्या की माणसाचं मन उगाच कलुषित होतं.

मीटर १८,००० किलोमीटर दाखवतोय? उत्तम. फूटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय, ब्रेक पेडलवरच्या रेघा पुसल्यात, किकचं रबर तिसऱ्यांदा बदललेलं आहे, तरी मीटरवरच विश्वास ठेवा. रबराला आकडे येत नाहीत.

आता गाडी घरी आली. पहिलं काम म्हणजे इंजिन ऑइल न बदलणं. 'परवाच बदललंय' असं मालकाने सांगितलेलं असतं, आणि परवा म्हणजे कुठला परवा हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत ऑइल असतं जेमतेम लिटरभर. तेवढ्यावर पिस्टन, गिअर आणि क्लच असा तिघांचा संसार चालतो. साडेतीनशे-चारशे रुपये खर्चून तो बिघडवायला जाऊ नका.

पातळी तपासायची हौसच असेल तर गाडी साइड स्टँडवर लावूनच तपासा. गाडी डावीकडे कलते, ऑइलही तिकडे सरकतं आणि बहुतेक गाड्यांची ऑइल मापायची पट्टी उजवीकडे असल्याने ती कोरडी निघते. मग तुम्ही घाबरून आणखी दोनशे मिली ओतता. जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीने एअर फिल्टरात जातं आणि फिल्टरलाही चार घास तुपातले मिळतात. काही रसिक याच्या उलट करतात. ते पट्टीचे आटे पूर्ण फिरवून मग बाहेर काढतात. पट्टी जास्त खोल जाते, ऑइल भरपूर दिसतं आणि इंजिन मात्र उपाशी. सपाट जमिनीवर डबल स्टँड लावायचा, इंजिन तीनेक मिनिटं चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून आटे न फिरवता नुसती टेकवायची आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघायचं, असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ते पुस्तक पहिल्या मालकाने रद्दीत घातलं, ते काय उगाच?

बदलायचंच ठरलं तर भावोजींच्या कारमधून उरलेलं ऑइल वापरा. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ अशी, बाइकच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण बघत बसू नका. कारचा क्लच कोरडा, बाहेर. बाइकचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला. कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात. ती क्लच प्लेटांनाही तितक्याच प्रेमाने गुळगुळीत करतात. चौथ्या गिअरमध्ये चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. याला 'पिकअप थोडा कमी झालाय' असं म्हणायचं आणि टाकीत पॉवरवालं पेट्रोल घालायचं.

ड्रेन बोल्ट बसवताना जुनं दबलेलं वॉशरच पुन्हा वापरा. मग ऑइल झिरपेल. झिरपलं की पान्याला पाइप घालून आवळा. खालचं आवरण ॲल्युमिनियमचं आहे आणि बोल्ट लोखंडी, तेव्हा या कुस्तीत कोण हरणार हे उघड आहे. एकदा आटे गेले की मिस्त्री जाड बोल्ट ठोकून देतो किंवा नवे आटे पाडून देतो. दहा रुपयांच्या वॉशरपायी त्याचाही दिवस सत्कारणी लागतो. ऑइल गाळणारी जाळी काढून बघू नका. तिच्यावर चकाकणारा चुरा दिसला तर रात्रीची झोप उडेल, आणि जुनी गाडी झोप उडवण्यासाठी थोडीच घेतली होती?

चेनकडे वळू. चेन वीणेच्या तारेसारखी ताणा. वीस ते तीस मिलिमीटर खेळ ठेवा, चाक फिरवत फिरवत जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथे मापा, हे सांगणारे लोक मुळात भित्रे. आता तुम्ही ताणलेल्या गाडीवर मागे वहिनी बसल्या, पिशवी बसली, खड्डा आला की चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दुहाती दांडा, वर जातो आणि चेनला आणखी ढील लागते. ढील शिल्लकच नाही. मग तो ताण जातो गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर. ही बेअरिंगं बाहेरून दिसत नाहीत, म्हणून ती नाहीतच असं समजा.

चिमट्यावरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या ठेवायची गरज नाही. उजवीकडे तीन रेघा, डावीकडे चार, म्हणजे चाक थोडं तिरकं धावतं आणि स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचे, दात एका बाजूने झिजतात. चाक मागे ओढल्यावर मागच्या ब्रेकचा रॉडही ताणला जातो. तो पुन्हा सेट करू नका. ब्रेक हलकासा लागलेला राहील, ड्रम तापेल, ॲव्हरेज साठावरून पंचेचाळीसवर येईल, आणि तुम्हाला पेट्रोल पंपवाल्याच्या नावाने बोटं मोडायला हक्काचं कारण मिळेल.

स्प्रॉकेटचे दात एका दिशेला वाकून आकड्यासारखे झाले तरी फक्त चेन बदला, अख्खं किट नको. नवी चेन जुन्या दातांवर घासून लवकरच जुनी होते, मग परत फक्त चेन बदला. चेनलॉकची क्लिप बसवताना तिचं उघडं तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवा. बंद बाजू पुढे ठेवली तर क्लिप वर्षानुवर्षं जागची हलत नाही, आणि इतकं सुरळीत आयुष्य कंटाळवाणं असतं.

ब्रेकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण पुढचा ब्रेक तुम्ही वापरणारच नाही. 'पुढचा मारला की माणूस पडतो' हे आपल्याला आजोबांपासून ठाऊक आहे. ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि निम्म्याहून जास्त काम तोच करतो, असं सांगणाऱ्यांना आजोबा नव्हते. मागच्या ड्रमजवळचा बाण पेडल दाबल्यावर खुणेपर्यंत पोचतोय? म्हणजे लायनर संपलेत. नट आणखी दोन आटे आवळा, संपलेले लायनर पुन्हा पुरतात. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचू नका. २३१६ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, हे कळून कोणाचं भलं झालंय? खाचा शिल्लक आहेत ना, झालं. हवा भरताना 'दोन्हीत तीस' म्हणा. कंपनीने चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर चिकटवलेला एकट्याचा आणि जोडीचा वेगळा आकडा शोभेसाठी असतो.

एअर फिल्टर काढून टाका. गाडीला मोकळा श्वास घेऊ द्या. हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, प्लग उघडला तर तपकिरीऐवजी पांढरा फटक निघतो. शिवाय रस्त्याची धूळ थेट बोअरमध्ये. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, न पिळता दाबून, वाळवून, ऑइलचा हात लावून परत बसवायचा, आणि कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचाच, ही बारीकसारीक कामं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी. तुम्ही वाचलेल्या पैशांत पुंगळी काढलेला सायलेन्सर लावा. गल्लीला तुमची येण्याची वेळ कळेल. पोलिसांनाही. कित्येक शहरांत ते असे सायलेन्सर जमा करून रोडरोलरखाली घालतात, तेव्हा तुमच्या वस्तूला सार्वजनिक सोहळ्यात निरोप मिळण्याचीही सोय आहे.

दर रविवारी वॉशिंग सेंटरवर न्या. गाडी लांबून आलेली, इंजिन कडकडीत तापलेलं असतानाच पाइप मारायला सांगा. जोराचा फवारा नेमका चाकाच्या हबवर, प्लगच्या टोपीवर आणि चावीच्या भोकात जाऊ द्या. हबमधलं ग्रीस गेलं की बेअरिंग थोड्याच दिवसांत कुईकुई करून आठवण देतं. शेवटी चेसीवर डिझेलचा फवारा हवाच. तासभर गाडी नवरीसारखी दिसते, मग तेलकट पृष्ठभागावर रस्त्याची सगळी धूळ बसते आणि रबरी बुश फुगतात. ड्रममध्ये ओल राहिली असेल तर पहिल्या सिग्नलला ब्रेक लागत नाही, पण तोवर फोटो काढून झालेले असतात.

हँडल सरळ धरल्यावर मधोमध 'टक्' करून अडकल्यासारखं वाटतं? बॉलरेसरमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, खड्डे पडलेत. डबल स्टँडवर कोणालातरी मागून दाबायला सांगून पुढचं चाक उचललं आणि हँडल हळू फिरवलं की अर्ध्या मिनिटात कळतं, म्हणून ते करू नका. गाडी सरळ जायला स्वतःहून मदत करतेय, असं माना.

राहिले कागद. इथे मात्र घाई अजिबात नको. कायदा सांगतो की त्याच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलायला अर्ज करावा. फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. चेसी नंबर पेन्सिलने कागदावर घासून आरसीशी ताडून बघायचा. जुनी ई-चलानं आधीच भरून घ्यायची. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यायला अर्ज करायचा. हे सगळं वाचूनच दम लागतो. त्यापेक्षा गाडी जुन्या मालकाच्याच नावावर राहू द्या. सिग्नल तुम्ही तोडायचा, मेसेज त्याला. अपघात तुम्ही करायचा, भरपाईच्या दाव्यात मालक म्हणून नाव त्याचं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक असं स्पष्ट केलं आहे. तुमच्या गाडीची मोडतोड झाली आणि तुम्ही विमा कंपनीकडे गेलात, तर तिथला माणूस पॉलिसीवरचं नाव बघेल, तुमचं आधार बघेल आणि तुम्हाला पाणी विचारेल.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबरपाटी, बसवणं बंधनकारक आहे. ती पाटी फारच साधी दिसते. नंबर ४१४१ असेल तर 'दादा' असं वळणदार लिहून घेतलेली तुमची पाटीच बरी. नाकाबंदीवर निदान ओळख तरी होते.

आणि फॉर्म २९ नि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या मात्र तारीख न घालता कोऱ्या घेऊन ठेवा, सीटखाली, पॉलिथिनच्या पिशवीत. दोन वर्षांनी गाडी तुम्हीही कुणाला तरी द्याल, तेव्हा तेच फॉर्म त्याच्या हातात ठेवता येतील. कागदोपत्री तुम्ही ही गाडी कधी घेतलीच नव्हती.