आईसोबत वहिनीचंही ताट

आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे हे कळल्यापासून सोलापुरात आमच्या नातेवाइकांत एकच वाद चालू आहे: घरीच सांभाळायचं की वृद्धाश्रमात ठेवायचं. त्यात सगळ्यांत वजनदार मुद्दा, लोक काय म्हणतील. मी जर्मनीत असते, त्यामुळे दोन्हीकडचे मला फोन करून आपल्या बाजूला ओढतात. मला विचाराल तर आधी बघा, घरात कोण किती जेवतंय.

आईचं वजन उतरलंय. या आजारात ते अनेकांचं उतरतं. भूक उमगत नाही, चव-वास मंदावतात, समोरच्या ताटाचं काय करायचं ते सुचत नाही, पुढेपुढे गिळणंही अवघड होतं. त्यावर आमच्याकडे पथ्यं: तेल नको, साखर नको, शेंगदाणे तर नकोतच. युरोपातली एस्पेन ही पोषणतज्ज्ञांची संस्था उलट सांगते, की डिमेन्शियात खाण्यावर बंधनं घालणं टाळा. वृद्ध माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे ३० कॅलरी हव्यात. ४५ किलोच्या आईला म्हणजे ४५ ग्रॅम प्रथिनं, साडेतेराशे कॅलरी. चहा-बिस्किटावर कसं भागेल? मधुमेह असेल तर डॉक्टरांशी बोलून औषधं जुळवून घ्या, पण पथ्याच्या नावाखाली माणूस उपाशी ठेवू नका.

आईला रोज भरवणाऱ्या वहिनीने हे कुठे वाचलेलं नाही, तरी ती बरोबर करते. कडक भाकरी आमटीत चुरून पार मऊ होईपर्यंत भिजवते, वर तूप सोडते. शेंगाचटणी कोरडी दिली तर ठसका लागतो, म्हणून दह्यात कालवते. चार वाट्या एकदम मांडल्या की आई गोंधळते, म्हणून एका वेळी एकच. पांढऱ्या थाळीत दहीभात आईला नीट दिसत नाही, म्हणून गडद निळी थाळी आणलीय. ताठ बसवायचं, घास गिळला का बघायचं, मग पुढचा. पाऊण तास सहज जातो.

आणि वहिनी? दुपारी तीनला ओट्याशी उभ्याने, आईच्या थाळीत उरलेलं. तिचंही वजन उतरलंय, हिमोग्लोबिन कमी आलंय. वादात हे कुणीच काढत नाही.

देशात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना पोसायची जबाबदारी मुलांवर टाकली, पण भरवणारीच्या पोटाचं काय, हे त्यात नाही. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. किती देखभाल लागते त्यावरून श्रेणी ठरते; तिसऱ्या श्रेणीतल्या रुग्णाला घरच्यांनी सांभाळलं तर २०२५ पासून महिना ५९९ युरो मिळतात आणि ठरावीक काळाने सल्लागार घरी येतात. शेजारच्या आजी आजारी नवऱ्याला सांभाळतात; सल्लागार बाईंनी त्याची चौकशी झाल्यावर आजींना विचारलं, "तुम्ही स्वतः गरम जेवता का?" अर्थात इथेही एकट्या म्हाताऱ्यांकडे डबा येतो, पण शेजारी बसून भरवायला माणूस नसतो, आणि अन्न तसंच राहतं.

सोलापुरात माणसं आहेत. त्यांनी वार वाटून घ्यावेत. दादाने आठवड्यातून तीन दुपारी आईला भरवावं, पुतण्याने रविवारी. स्वयंपाकाच्या बाईंचा पगार मी देईन. दर महिन्याला दोघींचं वजन करा. वहिनी दोन्ही वेळा बसून गरम जेवायला लागली, तर घरी जमतंय असं मी म्हणेन. नाही जमलं तर चांगलं केंद्र शोधायला मी स्वतः येते, आणि लोकांना काय सांगायचं तेही मीच सांगेन.