‘सबटायटल वाचून सिनेमा कळत नसतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या आवडत्या स्पॅनिश चित्रपटांच्या यादीवरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर देऊच नये असं आधी वाटलं. पण ‘स्पॅनिशचा गंध नाही आणि शिफारशी करायला निघाल्या! सबटायटल वाचून सिनेमा कळत नसतो, बाई’ हे काही डोक्यातून जाईना.

मतभेद असू द्यात. पण कुणी तीन महिने, घरातलं सगळं आटोपल्यावर रात्री जागून चित्रपट बघून लिहितं, तेव्हा ‘निघाल्या’ म्हणून बोळवण करायची नसते. ‘सबटायटलमुळे बरंच निसटतं’ एवढंच आपण म्हटलं असतं, तर मी लगेच हो म्हणाले असते. आणि हे ‘बाई’ कशासाठी?

एक चूक कबूल. ‘रोमा’ (२०१८) मी सरसकट स्पॅनिश म्हणून टाकला होता. त्यातल्या क्लिओ आणि आदेला या मोलकरणी आपसात मिश्तेक ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलतात, हे लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. पण तोच ‘रोमा’ स्पेनमध्ये दाखवताना नेटफ्लिक्सने मेक्सिकोच्या स्पॅनिशखाली स्पेनच्या स्पॅनिशची सबटायटल्स दिली होती. दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन संतापला, तेव्हा ती काढली. म्हणजे भाषा येणाऱ्यांनाही कुणीतरी ‘तुम्हाला कळणार नाही’ असं ठरवून टाकलं होतं. तुम्ही माझ्याबाबतीत तेच केलंत.

मी सोलापुरात वाढले. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागायचा. कधी मल्याळम, कधी बंगाली, कधी आसामी, खाली इंग्रजी अक्षरं. आमच्याकडे इंग्रजीही कुणाला धड येत नव्हतं. मी आठवीत होते. अडखळत एकेक ओळ वाचून आईला सांगायचे. एकदा मी ओळ लावायच्या आतच ती म्हणाली, ‘तो काही परत येत नाही आता.’ आणि तो खरंच आला नाही. माझी आई चौथी शिकलेली होती. तिला सिनेमा कळत नव्हता, असं मला सांगू नका.

आता व्हिक्टर एरिसेचा ‘एल एस्पिरितू दे ला कोल्मेना’ (१९७३), म्हणजे ‘मधमाश्यांच्या पोळ्याचा आत्मा’, घ्या. १९४० सालचं स्पेनमधलं खेडं, यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. शाळेत बाईंनी माणसाची एक मोठी आकृती उभी केली आहे आणि मुलं तिला एकेक अवयव लावताहेत. अजून काय राहिलं? छोटी आना पुढे जाते आणि डोळे बसवते. घरात तिचे आईवडील एकमेकांशी जवळजवळ बोलतच नाहीत. चित्रपट आला तेव्हा हुकूमशहा फ्रँको सत्तेवर होता, उघड बोलायची सोयच नव्हती. म्हणून जे सांगायचं ते सगळं खिडकीच्या मधाळ रंगाच्या षटकोनी तावदानांत आणि आना तोरेंतच्या त्या काळ्याभोर डोळ्यांत आहे. तिथे स्पॅनिशची पदवी घेऊन मी काय करू?

उलट उदाहरणही मीच देते. ‘एल सेक्रेतो दे सुस ओहोस’ (२००९) मध्ये निवृत्त झालेला एस्पोसितो रात्री झोपेतून उठून कागदावर ‘तेमो’ (TEMO) लिहितो, म्हणजे ‘मला भीती वाटते’. त्याच्या जुन्या टाइपरायटरवर ‘ए’ (A) उमटत नाही. शेवटाकडे तो त्याच शब्दात ते अक्षर घालतो आणि होतं ‘ते आमो’ (TE AMO), ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’. इथे सबटायटल तोकडं पडतं, मान्य. मी चित्रपट थांबवला, शब्दकोश काढला, दोन्ही शब्द वहीत लिहिले. ती वही अजून माझ्याकडे आहे. भाषा न येणाऱ्याने याहून वेगळं काय करायचं असतं? की बघायचंच नाही?

स्पेनचा नावाजलेला दिग्दर्शक आल्मोदोव्हार यादीत का नाही, असं आपण विचारलंत. यादी माझ्या आवडीची आहे म्हणून. आणि हिंदी ‘बदला’ ज्याच्यावरून केला तो ‘कोन्त्रातिएम्पो’ मीही पाहिलाय. बघताना खिळवून ठेवतो, पण मनात राहिला नाही. त्यावर आणखी वाद नको.

‘रडके राजकीय सिनेमे’ हे मात्र मागे घ्या. ‘ला इस्तोरिया ओफिसियाल’ (१९८५) तुम्ही त्यात गणलात. अर्जेंटिनातली लष्करी राजवट १९८३ मध्ये गेली आणि दोन वर्षांत लुइस पुएन्सोचा हा चित्रपट आला. आलिसिया इतिहास शिकवते. आपण दत्तक घेतलेली गाबी, लष्कराने पकडून नाहीशा केलेल्या विरोधकांपैकी कुणाची तर नाही ना, हा संशय तिला पोखरत जातो. चित्रपट चालू होता तेव्हा तिथल्या खऱ्या आज्या आपली नातवंडं शोधत होत्या, आजही शोधताहेत. चित्रपटातली अशीच एक आजी आलिसियासमोर बसून आपल्या नाहीशा झालेल्या मुलीचे लहानपणचे फोटो पुढे करते, आणि फोटोतली पोर हुबेहूब गाबी दिसते. तो प्रसंग पुन्हा एकदा बघा, आणि नंतरही ‘रडका’ म्हणवत असेल तर जरूर कळवा. मात्र या वेळी खाली नाव लिहून.